निवृत्तीनंतर आंदोरात स्थायिक होणे कितपत शक्य आहे?

सांजवाट (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

मी बासष्ट वर्षांचा आहे आणि पुढच्या वर्षअखेरीस निवृत्त होणार आहे. पत्नी माझ्याहून तीन वर्षांनी लहान असून तिने नोकरी आधीच सोडली आहे. दोन्ही मुले दोन वेगवेगळ्या खंडांत आपापल्या संसारात आहेत आणि नोकऱ्यांमुळे त्यांचेही बिऱ्हाड दर चार-पाच वर्षांनी हलते, त्यामुळे त्यांच्याजवळ जाऊन राहण्याचा विचार आम्ही दोघांनी समजून-उमजून बाजूला ठेवला आहे. तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात पिरेनीज पर्वतात फिरत असताना आम्ही आंदोरात नऊ दिवस राहिलो, आणि उरलेले आयुष्य तिथे काढावे हा विचार तेव्हापासून मनात घर करून बसला आहे.

ज्यांना हा देश परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या डोंगरांत वसलेला हा देश अवघ्या ४६८ चौरस किलोमीटरचा असून त्याची लोकसंख्या सुमारे ८५ हजार आहे. स्पेनमधल्या उर्गेलचे बिशप आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष हे दोघे त्याचे नामधारी राजे आहेत. प्रत्यक्ष कारभार १९९३ च्या राज्यघटनेनुसार निवडून आलेले सरकार चालवते. तो युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरी चलन युरो आहे. हवा स्वच्छ, रस्ते सुरक्षित आणि आयकर जास्तीत जास्त १० टक्के, एवढे ऐकून कोणालाही मोह पडावा, तसा तो आम्हालाही पडला.

निवासाचे नियम मी वाचले आहेत. नोकरीधंदा न करता राहू इच्छिणाऱ्यांसाठी तिथे वेगळा परवाना असतो. त्यासाठी वर्षातले किमान ९० दिवस तिथे राहावे लागते, देशात मोठी गुंतवणूक करावी लागते, पुरेसे नियमित उत्पन्न दाखवावे लागते आणि खासगी विमा काढावा लागतो. हिशेब मांडला तर आमचे जमते, पण जेमतेम जमते, आणि आयुष्यभराच्या बचतीचा फार मोठा हिस्सा त्यात अडकून पडतो.

माझी अडचण अशी की या विषयावर जे काही वाचायला मिळते ते बहुतेक परवाने मिळवून देणाऱ्या सल्लागारांनी लिहिलेले असते, नाहीतर कर वाचवण्यासाठी तिथे गेलेल्या तिशी-पस्तिशीच्या लोकांनी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखत असताना तिथला फेब्रुवारी कसा जातो, हे कोणी लिहीत नाही. एवढ्या लहान देशात म्हातारपण निभावता येते का, आणि ते जाण्याआधीच ठरवायचे असेल तर नेमके काय तपासावे? आंदोरात किंवा तशाच एखाद्या चिमुकल्या देशात राहिलेल्यांनी आपला अनुभव सांगितला तर आम्हा दोघांवर उपकार होतील. पत्नीला यातल्या एकाच गोष्टीची काळजी वाटते आणि ती मी तिच्याच शब्दांत लिहितो: “आपल्यापैकी एकजण गेल्यावर दुसऱ्याचे तिथे काय होणार?”

उतरण (प्रतिसाद)

सांजवाट, आपला प्रश्न वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी आणि माझे यजमान निवृत्तीनंतर सात वर्षे आंदोरात राहिलो, ओर्दिनोच्या वरच्या अंगाला एका लहान गावात. आता आम्ही तिथे नाही. तो देश आम्हाला वाईट वाटला म्हणून नव्हे, तर आमच्या वयाला तो पेलेनासा झाला म्हणून आम्ही उतरलो. त्या सात वर्षांतली पहिली चार माझ्या आयुष्यातली अत्यंत सुखाची वर्षे होती, हेही आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मोठ्या देशात राहायला जाताना आपण त्या देशाचा विचार करतो. लहान देशात जाताना मात्र त्याच्या शेजाऱ्यांचाही तितक्याच बारकाईने विचार करावा लागतो, कारण आयुष्यातल्या ज्या गोष्टी तिथे मावत नाहीत त्या सगळ्या सीमेपलीकडे असतात. आंदोरात विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. आत-बाहेर करण्याचे मोठे रस्ते दोनच आहेत. एक खाली स्पेनमधल्या ला सेउ दुर्जेलकडे जातो, दुसरा पास दे ला कासावरून फ्रान्समध्ये उतरतो. फ्रान्सच्या बाजूची एन्व्हालिरा खिंड २,४०८ मीटरवर आहे. खाली बोगदा असला, तरी जोराची बर्फवृष्टी झाली की तो रस्ता भरवशाचा राहत नाही. बार्सिलोना सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे मोटारीने तीन तास. तुलूझ साधारण तितकेच. पासष्टाव्या वर्षी हे अंतर म्हणजे एक सुंदर सहल वाटते.

आरोग्याचे सांगते. देशात एस्काल्देसला एक सार्वजनिक रुग्णालय आहे आणि दुसरे नाही. आमचा अनुभव त्याच्याविषयी अतिशय चांगला आहे. माझ्या यजमानांना सहाव्या हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तातडीने जे करायचे ते केले, म्हणूनच ते आज माझ्यासमोर बसले आहेत. पण ८५ हजार वस्तीच्या देशात प्रत्येक शाखेचे तज्ज्ञ आणि प्रत्येक मोठी शस्त्रक्रिया असू शकत नाही, तशी अपेक्षा करणेही चूक आहे. पुढच्या उपचारांसाठी त्यांना बार्सिलोनाला न्यावे लागले. आकाश स्वच्छ असेल तर अशा वेळी हेलिकॉप्टर मिळू शकते. त्या दिवशी ढग उतरलेले होते, त्यामुळे रुग्णवाहिकेने घाटातून जावे लागले. मी त्यांच्या मागोमाग बसने गेले आणि परक्या शहरात एका खोलीत तेवीस दिवस राहिले.

त्या तेवीस दिवसांत मला जे कळले ते कोणत्याही सल्लागाराने आम्हाला सांगितले नव्हते. आंदोरा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ज्यांच्या पारपत्राला शेंगेनचा व्हिसा लागतो त्यांना आंदोरात पोचण्यासाठीदेखील फ्रान्स किंवा स्पेन ओलांडावे लागते, म्हणून अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा जवळ असावा लागतो. आंदोराचे निवासपत्र म्हणजे शेंगेनचा व्हिसा नव्हे. शिवाय त्या क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्या वर्षी आम्ही उन्हाळ्यात दोन महिने फ्रान्समध्ये हिंडलो होतो, त्यामुळे रुग्णालयाच्या ओसरीत बसून मी माझे उरलेले दिवस बोटांवर मोजत होते. ते पुरले, पण जेमतेम. आपल्या दोघांची पारपत्रे कोणत्या देशाची आहेत ते आपण लिहिलेले नाही. लिहू नकाच, पण हा प्रश्न मात्र सर्वांत आधी सोडवा. युरोपीय संघाच्या नागरिकाने अनुभवलेले आंदोरा आणि आमच्यासारख्यांनी अनुभवलेले आंदोरा हे दोन निराळे देश आहेत.

आता फेब्रुवारीबद्दल. राजधानी आंदोरा ला व्हेया १,०२३ मीटर उंचीवर आहे आणि बाकीची बहुतेक गावे त्याहून वर. हृदय किंवा फुप्फुसे अशक्त असतील तर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी या उंचीविषयी बोला. दऱ्या अरुंद असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य उशिरा वर येतो आणि दुपारीच डोंगराआड जातो. तिथल्या लोकांच्या बोलण्यात दरीच्या उन्हाच्या बाजूला ‘सोला’ आणि सावलीच्या बाजूला ‘ओबाक’ असे शब्द आहेत, आणि जुनी घरे कोणत्या बाजूला बांधली आहेत हे नुसते पाहिले तरी शेकडो वर्षांचे शहाणपण कळते. आम्ही जूनमध्ये घर पाहिले. जूनमध्ये सगळीकडे ऊन असते. आमचे घर ओबाकात होते आणि पहिल्या डिसेंबरात ते आमच्या लक्षात आले. अंगणातला बर्फ सोला बाजूला दोन दिवसांत वितळायचा. आमच्या दाराशी तोच बर्फ रात्री गोठून काचेसारखा व्हायचा आणि आठवडाभर तसाच राहायचा. घसरून पडण्याची भीती ही म्हातारपणी माणसाला घरात कोंडून ठेवणारी सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे मी आता ठामपणे म्हणेन.

भाषेविषयी एकच सांगते. राजभाषा कातालान आहे, स्पॅनिश सर्वांना येते, पोर्तुगीज आणि फ्रेंचही कानावर पडतात, आणि इंग्रजीवर दुकानात निभावते. परंतु सरकारी कागद कातालानमध्ये येतो आणि रात्रपाळीची परिचारिका आपल्या भाषेत बोलेल याची खात्री नसते. मी साठाव्या वर्षी कातालान शिकले आणि त्या शिकण्यानेच मला तिथे मैत्रिणी मिळवून दिल्या. ज्यांनी ते टाळले त्यांची वर्तुळे वर्षागणिक लहान होत गेलेली मी पाहिली. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली की माणूस मागाहून शिकलेली भाषा आधी विसरतो, याचाही विचार करून ठेवा. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत ते घडताना पाहिले आणि त्या दिवसापासून आम्ही निघण्याचे बोलू लागलो.

ताळेबंद (प्रतिसाद)

उतरण यांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. मी आंदोरात राहिलेलो नाही, पण परदेशात निवृत्त होणाऱ्यांचे कर आणि पेन्शन यांचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून पैशांच्या बाजूने लिहितो.

सर्वांत जास्त गैरसमज ९० दिवसांच्या बाबतीत होतो. ९० दिवस ही निवासपरवाना टिकवण्याची अट आहे. कराच्या दृष्टीने रहिवासी ठरण्याची कसोटी वेगळी असून ती मुख्यतः वर्षातले १८३ दिवस किंवा आर्थिक हितसंबंधांचे केंद्र कुठे आहे यावर ठरते. जो माणूस ९० दिवस आंदोरात आणि उरलेले वर्ष इतरत्र काढतो, त्याला आंदोराचा कमी दर लागू होईल असे गृहीत धरता येत नाही, कारण दुसराच एखादा देश त्याला आपला करदाता मानू शकतो. तेव्हा आपण दोघे वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष तिथे राहणार, हे प्रामाणिकपणे ठरवल्याशिवाय कराचा कोणताही हिशेब मांडू नका.

दरांविषयी म्हणाल तर आंदोरात वैयक्तिक आयकर आला तोच मुळी २०१५ मध्ये. २४ हजार युरोंपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर नाही, त्यापुढे ४० हजारांपर्यंत तो प्रत्यक्षात ५ टक्के पडतो आणि त्यावर १० टक्के. वारसाकर नाही. हे आकर्षक आहे यात शंका नाही, परंतु आपली पेन्शन ज्या देशातून येते तो देश ती पाठवण्याआधीच कर कापून घेतो का, हे त्या दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे की नाही यावर अवलंबून असते. आंदोराचे असे करार मोजक्याच देशांशी आहेत. करार असला तरी सरकारी नोकरीची पेन्शन आणि खासगी पेन्शन यांना सहसा वेगवेगळी कलमे लागतात, आणि सरकारी पेन्शनवर कर घेण्याचा हक्क बहुधा ती देणाऱ्या देशाकडेच राहतो. ज्याची संपूर्ण मिळकत अशा पेन्शनची आहे, त्याने केवळ कमी कराच्या आशेने तिथे जाण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुंतवणुकीची रक्कम हा दुसरा मुद्दा. २०१२ च्या कायद्यात या परवान्यासाठी ४ लाख युरो ठरले होते. २०२३ मध्ये ते ६ लाख झाले. म्हणून आज वाचलेला आकडा अर्ज करण्याच्या दिवशी तोच असेल असे समजू नका. यामागचे कारण समजून घेणे जास्त महत्त्वाचे आहे. देशात सपाट जमीन फार थोडी, बाहेरून येणाऱ्या पैशाचा ओघ मोठा, आणि त्यामुळे घरांची भाडी स्थानिक पगारदारांच्या आवाक्याबाहेर गेली. लोकांचा रोष वाढला, तेव्हा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीचे नवे अर्ज काही काळ थांबवले आणि पुढच्या वर्षी अशा खरेदीवर स्वतंत्र कर बसवला. त्या सरकारचे यात काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्याच गावात राहता न येणाऱ्या तरुणांची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी. परंतु इतक्या लहान देशात धोरण एका अधिवेशनात बदलू शकते आणि बाहेरून आलेल्या निवृत्तांना तिथे मत नसते, हे ध्यानात ठेवून आपली सगळी पुंजी तिथल्या एका सदनिकेत अडकवणे मला धोक्याचे वाटते. नागरिकत्वाची आशा धरू नका. त्यासाठी साधारणपणे २० वर्षांचे वास्तव्य लागते आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागते.

बँकांबद्दल २०१५ ची एक घटना सांगतो. त्या वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेच्या अर्थखात्याने तिथल्या एका बँकेवर काळा पैसा पांढरा करण्यात हात असल्याचा आरोप ठेवला, सरकारला ती बँक ताब्यात घ्यावी लागली आणि खातेदारांना आठवड्याला २,५०० युरोंपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता अशा साध्या ठेवीदारांचेही हाल झाले. त्यानंतर तिथले नियम पुष्कळ कडक झाले आहेत आणि १ लाख युरोंपर्यंतच्या ठेवींना हमी आहे. तरीही माझा सल्ला असा की निदान दीड-दोन वर्षांचा खर्च भागेल इतकी रक्कम आंदोराबाहेर, सहज काढता येईल अशा ठिकाणी ठेवावी.

विम्याच्या बाबतीत दलालाकडून आजचा हप्ता विचारू नका, पंच्याहत्तराव्या आणि ऐंशीव्या वर्षीचा विचारा. विमा कोणत्या वयानंतर नव्याने मिळत नाही, आधीपासूनच्या आजारांना तो लागू आहे का, आणि स्पेन किंवा फ्रान्समधल्या उपचारांचा खर्च तो देतो का, ही तीन उत्तरे लेखी घ्या. परवाना विम्यावर अवलंबून आहे. म्हणजे विमा कंपनीने नकार दिला तर धोका केवळ खर्चाचा राहत नाही.

पाणवठा (प्रतिसाद)

मी थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून सांजवाट यांचे मन खचू नये असे वाटते.

माझ्या थोरल्या भावाने निवृत्तीसाठी कॅरिबियनमधले डॉमिनिका निवडले होते. तोही चिमुकलाच देश, क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस किलोमीटर आणि वस्ती सत्तर हजारांच्या घरात. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ हे चक्रीवादळ त्या बेटावरून थेट गेले आणि एका रात्रीत झालेले नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक निघाले. घरांची छपरे उडाली, वीज गेली, फोन बंद पडले. पाच दिवस आम्हाला भाऊ जिवंत आहे की नाही हेही कळत नव्हते. मोठ्या देशात एक जिल्हा उद्ध्वस्त झाला तर शेजारचा जिल्हा मदतीला धावतो. लहान बेटाला शेजारचा जिल्हाच नसतो. भाऊ सुखरूप होता, पण वहिनींनी पुन्हा तिथे पाऊल ठेवायचे नाही असे ठरवले ते कायमचेच.

या दृष्टीने पाहिले तर आंदोराची स्थिती पुष्कळच चांगली आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथेही भयंकर पूर आला होता आणि माणसे दगावली होती, तेव्हा डोंगराळ देश सुरक्षितच असतो असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही बाजूंना दोन समर्थ देश आहेत आणि रस्त्याने तिथवर पोचता येते, याचे मोल बेटावर राहिलेल्या माणसालाच कळते. सान मारिनोचा विचार केला तर तो आणखी सोयीचा वाटेल. ६१ चौरस किलोमीटरचा तो देश चारही बाजूंनी इटलीने वेढलेला आहे, सीमेवर कोणी अडवत नाही आणि रिमिनीचा समुद्रकिनारा अर्ध्या-पाऊण तासावर आहे. उलट लिश्टेनस्टाइनचे नाव निवृत्तांच्या याद्यांमध्ये उगाच घेतले जाते, कारण तिथे निवासपरवाने दरवर्षी अगदी हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच दिले जातात आणि त्यांतले काही तर सोडत काढून.

देश लहान असण्याचे सुखही मोठे असते, हेही कोणीतरी लिहायला हवे. डॉमिनिकात भावाचा पेन्शनचा हयातीचा दाखला एकदा वेळेत पोचला नाही, तेव्हा संबंधित कार्यालयातल्या बाई संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी येऊन सही घेऊन गेल्या. मोठ्या शहरात तो माणूस रांगेतला एक क्रमांक असतो. त्या बेटावर तो एक शेजारी होता.

सांजवाट

आपण तिघांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्नीने सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आमच्या दोघांच्या पारपत्रांना शेंगेनचा व्हिसा लागतो, आणि त्याचा असा परिणाम होऊ शकतो हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. माझी पेन्शनही बहुतांश सरकारी नोकरीची आहे, म्हणजे कराचा जो फायदा मी मनात धरला होता तो जवळजवळ नाहीसाच होतो. हे समजल्यावर मला थोडे वाईट वाटले, आणि थोडे हलकेही वाटले, कारण आता उरलेला प्रश्न पैशांचा नाही, आम्हाला तिथे राहायचे आहे का एवढाच आहे.

उतरण, पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. आपल्या सात वर्षांत तिथे कोणाचा जोडीदार गेल्याचे आपण पाहिले असेल. मागे राहिलेल्या व्यक्तीचे काय झाले? आणि एवढे सगळे कळल्यावर आम्ही एकदा तिथे जाऊन पाहायचे ठरवले, तर कसे जावे?

उतरण

आपल्या पत्नीने अगदी योग्य प्रश्न विचारला आहे. आमच्या शेजारी असेच एक जोडपे राहत असे. परवाना पतीच्या नावावर होता आणि पत्नीचा त्याला जोडलेला. उत्पन्नाची अट मुख्य अर्जदारासाठी तिथल्या किमान वेतनाच्या तिपटीइतकी असते आणि अवलंबून असलेल्या प्रत्येक व्यक्तीमागे आणखी एक पट वाढते. पती गेल्यावर तिला स्वतःच्या नावाने सगळे नव्याने दाखवावे लागले, आणि कुटुंब निवृत्तिवेतन तर मूळ पेन्शनहून कितीतरी कमी होते. गुंतवणुकीतली सदनिका पतीच्या एकट्याच्या नावावर असल्यामुळे वारसाचे काम मिटेपर्यंत तीही तिच्या हिशेबात धरता येईना. दु:खाच्या त्या पहिल्या वर्षात ती वकिलाच्या पायऱ्या चढत राहिली. शेवटी तिला राहू दिले, अधिकारी माणुसकीने वागले. पण तोवर तिच्यातली राहण्याची इच्छाच संपली होती.

म्हणून आपण हिशेब आपल्या पेन्शनवर मांडू नका. आपण नसताना पत्नीच्या हाती दरमहा जे येईल, तेवढ्यावर मांडा. त्यावर परवाना टिकत असेल, घर दोघांच्या नावावर घेता येत असेल आणि तिथल्या कायद्याप्रमाणे दोघांची मृत्युपत्रे करून ठेवली असतील, तरच पुढचे पाऊल टाका. टिकत नसेल तर आंदोराला वर्षातून दोन महिने पाहुणे म्हणून जात राहा. त्यातही पुष्कळ आनंद आहे, आम्ही आता तेच करतो.

पाहायला जाणार असाल तर जानेवारीच्या मध्यावर जा आणि मार्चपर्यंत राहा. अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आधीच घ्या. घर विकत घेण्याचे नाव काढू नका, एक सदनिका भाड्याने घ्या, आणि शक्य असेल तर मुद्दाम ओबाक बाजूची, म्हणजे जे सर्वांत कठीण आहे ते आधी कळेल. मोटार घेऊ नका. ऐंशीव्या वर्षी आपण मोटार चालवत नसाल, तेव्हा आताही तिच्यावाचून राहून पाहा. गावोगावी बस जाते आणि रहिवाशांना ती मोफत आहे, पण थांब्यापासून घरापर्यंतचा चढ मात्र पायांनीच चढावा लागतो. शनिवार-रविवारी स्कीइंगसाठी येणाऱ्या पर्यटकांनी रस्ते तुंबलेले असताना घरापासून रुग्णालयापर्यंत एकदा बसने जा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. नंतर एखाद्या दिवशी आपण घरी थांबा आणि पत्नीला एकटीला बसने बार्सिलोनाला जाऊन दुसऱ्या दिवशी परत येऊ द्या. परत आल्यावर त्यांना काय वाटते ते विचारा, आणि त्या जे सांगतील ते इथे लिहायला विसरू नका. मी वाट पाहीन.